वडिलांची नौका

घराण्यात चालत आलेल्या काही वस्तू तिजोरीत ठेवल्या तरी जशाच्या तशा राहतात. आजीच्या पाटल्या किंवा पणजोबांची चांदीची भांडी पन्नास वर्षांनी बाहेर काढली, तरी रिठ्याच्या पाण्याने पुन्हा लखलखतात. काही वस्तूंचे मात्र तसे नसते. वाडा बंद ठेवला की वाळवी लागते, विहीर उपसली नाही की पाणी कुजते, पेढीचे दार महिनोन्महिने उघडले नाही की गिऱ्हाईक दुसरी वाट धरते. शिडाची लाकडी नौका ही या दुसऱ्या जातीतली, आणि त्या जातीतही फार हट्टी. ती सांभाळायची तर तिच्यावर सतत हात फिरवावा लागतो आणि तिला समुद्रावरही न्यावे लागते. फ्रान्समधील ताबार्ली कुटुंबाने अशी एक नौका तीन पिढ्या सांभाळली. त्यासाठी त्या घराने जी किंमत मोजली, ती केवळ पैशाची नव्हती.

या नौकेचा जन्म १८९८ सालचा. तिचा आराखडा स्कॉटलंडमधील फेअर्ली गावच्या विल्यम फाइफ यांनी केला आणि बांधणी आयर्लंडमध्ये, कॉर्क बंदराच्या परिसरात झाली. फाइफ हे स्वतः वंशपरंपरेने नौका बांधणाऱ्या घरातले. त्यांचे आजोबा आणि वडील याच नावाने, याच गावी हा व्यवसाय करीत होते. त्यांच्या हातच्या नौकांचा घाट इतका सुबक असे की जाणकार लोक दुरूनच ओळखीत. ही नौका पुढे निघालेल्या वाशासह सुमारे पंधरा मीटर लांब, रुंदीला जेमतेम तीन मीटर आणि पाण्याखाली दोन मीटरांहून अधिक खोल आहे. अरुंद अंग आणि तळाला शिशाचे ओझे, त्यामुळे वारा भरला की ती एका कुशीवर कलते, पण उलटत नाही. तिचे पहिले नाव ‘यम’ असे होते. मराठी वाचकाला ते दचकवणारे वाटेल. पण इंग्रजीत तो केवळ स्वादिष्ट पदार्थ खाताना तोंडून निघणारा उद्गार आहे. पुढे नौका हातोहात विकली गेली, नावे बदलत गेली आणि फ्रान्समध्ये तिला ‘पेन डुइक’ हे नाव मिळाले. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील ब्रेतॉन भाषेत या शब्दांचा अर्थ काळ्या डोक्याचा लहानसा पक्षी. नौकेचे अंगही काळेच आहे.

१९३८ साली गी ताबार्ली यांनी ती विकत घेतली, तेव्हा तिचे वय चाळीस वर्षांचे होते. त्यांचा मुलगा एरिक सात वर्षांचा होता. कुटुंबाला समुद्राची आवड पूर्वीपासूनची. त्याआधीही त्यांच्याजवळ एक लहान नौका होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडील आणि मुले सारी मिळून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत असत. परंतु हे सुख एका वर्षातच संपले. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, पुढच्या वर्षी फ्रान्सचा तो सारा किनारा जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला आणि पेन डुइक बेनोदे गावाजवळच्या चिखलात उभी करून ठेवावी लागली.

लाकडी नौका कशाने मरते, हे अनेकांना ठाऊक नसते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने ती मरत नाही. खारे पाणी उलट लाकडाला टिकवते. तिचा शत्रू म्हणजे पावसाचे गोडे पाणी. नौका उभी राहिली, तिच्या वरच्या फळ्यांच्या सांध्यांतील भरणा सुकला, की पावसाचे थेंब आत झिरपतात. खाली हवा खेळत नाही. ओल कोपऱ्यात साठते, बुरशी धरते आणि लाकूड आतून भुसभुशीत होते. लोखंडी खिळे गंजून फुगतात आणि आजूबाजूचे लाकूड फोडतात. वरून रंग शाबूत दिसतो. पण चाकूचे टोक लावले तर ते लोण्यात जावे तसे आत जाते. युद्धाची वर्षे पेन डुइकने अशीच काढली.

युद्ध संपल्यावर वडिलांनी हिशेब मांडला. दुरुस्ती परवडण्याजोगी नव्हती, म्हणून नौका विकायचे ठरले. गिऱ्हाईक येई, लाकूड तपासून पाही आणि परत जाई. व्यवहारी दृष्टीने पाहिले तर गी ताबार्ली यांचे काही चुकले नाही. ज्या मालाला बाजारात भाव नाही आणि जो ठेवण्यास खर्च येतो, तो काढून टाकावा, हे कोणत्याही पेढीवर शिकवले जाते. मुलाला मात्र ती नौका माल वाटत नव्हती. अखेरीस १९५२ साली वडिलांनी ती एरिकच्या स्वाधीन केली. नौका मुलाची, आणि तिच्यावरचा खर्चही मुलाचाच. एकवीस वर्षांच्या तरुणाला वारशात मिळाले ते एक कुजके लाकूड आणि एक न फिटणारे देणे.

एरिक पुढच्याच वर्षी फ्रेंच नौदलात दाखल झाला आणि वैमानिक झाला. त्याला इंडोचीनमध्ये पाठवण्यात आले. तेथे दूर देशी मिळणाऱ्या पगारातून तो नौकेसाठी पैसे शिल्लक टाकू लागला. ज्या वयात सोबतचे तरुण पगार उडवीत होते, त्या वयात हा मुलगा हजारो कोस दूर चिखलात उभ्या असलेल्या वस्तूसाठी पैसा साठवीत होता. हे वेड होते की निष्ठा, याचा निवाडा त्या वेळी कोणी केला असता तर बहुधा वेड असाच केला असता. रजेवर परत आल्यावर त्याने नौका जाणकार कारागिरांना दाखवली. लाकूड दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेले होते. प्रत्येक फळी, प्रत्येक बरगडी बदलायची, म्हणजे नवीच नौका बांधायची, आणि तेवढे धन त्याच्याजवळ नव्हते.

येथे या कथेतला सर्वांत वादग्रस्त निर्णय येतो. काचेच्या तंतूंचे कापड पॉलिएस्टरच्या राळेत भिजवून नौका घडवण्याची कला तेव्हा नवीन होती. लहान होड्या तशा बनू लागल्या होत्या. पंधरा मीटरच्या नौकेवर हा प्रयोग सहसा कोणी करीत नसे. एरिकने ठरवले की जुन्या लाकडी अंगालाच साचा मानायचे. १९५८ साली ला त्रिनिते गावी, कोस्तान्तिनी यांच्या नौका-कारखान्यात त्याने स्वतः हे काम केले. कुजक्या अंगाच्या बाहेरून काचेच्या कापडाचे थरावर थर चढवले. राळ वाळून कठीण झाली. मग आतले मृत लाकूड निघाले आणि उरले ते फाइफ यांनी साठ वर्षांपूर्वी कागदावर रेखलेल्या प्रत्येक वळणाचे हुबेहूब रूप, पण दुसऱ्याच द्रव्याचे. त्यावर पुन्हा शिशाचा तळ बसला, डोलकाठी चढली आणि पेन डुइक पाण्यात उतरली.

जुन्या नौकांवर प्रेम करणाऱ्यांत आजही असे लोक आहेत की ज्यांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की ज्या नौकेचे अंग काचतंतूंचे आहे ती १८९८ सालची कशी म्हणावी. आक्षेप पोकळ नाही. मात्र त्याचे उत्तर व्यापारी घरातील माणसाला शोधावे लागू नये. आजोबांनी भुसार मालाची पेढी काढली, वडिलांनी त्यात कापड आणले, नातवाने वखार विकून गाळा घेतला. वहीखाती गेली, संगणक आला. पाटीवरचा रंगही बदलला. तरी बाजारात लोक तिला तीच पेढी म्हणतात, कारण नाव तेच आणि शब्दाची पत तीच. पेन डुइकचे लाकूड गेले, पण पाणी कापण्याची तिची रीत राहिली. एरिकच्या पुढे अस्सल लाकूड आणि काचतंतू असा पर्याय नव्हताच. त्याच्या पुढे काचतंतूंची नौका आणि सरपणाचा ढीग एवढाच पर्याय होता. अस्सलपणाचा आग्रह पुष्कळदा अशांकडून होतो, ज्यांना खर्च करायचा नसतो.

पुढची पंचवीस वर्षे जगाला ठाऊक आहेत. १९६४ साली एरिक ताबार्ली यांनी एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकली. ती ‘पेन डुइक द्वितीय’ या नव्या नौकेवर. एका रात्रीत ते फ्रान्सचे लाडके झाले. १९७६ साली ‘पेन डुइक सहावी’ या नौकेवर त्यांनी तीच शर्यत पुन्हा जिंकली. ती नौका चालवण्यास खरे तर मोठा चमू लागतो आणि ते एकटे होते. त्यांनी आपल्या शर्यतीच्या नौकांना एकामागून एक दिलेले नाव मात्र वडिलांच्या नौकेचेच होते.

कीर्तीच्या या धामधुमीत मूळ पेन डुइक मागे पडली. घराघरांत असेच घडते. ज्या दुकानावर घर उभे राहिले, ते जुने दुकानच सर्वांत शेवटी रंगवले जाते. १९८३ साली ताबार्ली यांनी सॅं-मालो येथील रेमों लाबे यांच्या कारखान्यात तिचा पूर्ण जीर्णोद्धार सुरू केला. ते काम १९८९ पर्यंत चालले. सहा वर्षे! या वेळी मात्र घाई नव्हती आणि तडजोडही नव्हती. तिला तिच्या मूळ काळातील शिडांची रचना पुन्हा मिळाली. या रचनेत मुख्य शीड त्रिकोणी नसून चौकोनी असते आणि त्याची वरची कड एका जड तिरक्या वाशाने धरलेली असते. शीड चढवायचे तर तो वासाही दोरांनी वर ओढावा लागतो. आधुनिक नौकेवर एका हाताने होणारे काम येथे चार हात मागते. म्हणूनच अशी नौका सहकुटुंब चालवण्यात अर्थ असतो. एक जण सुकाणूवर, दोघे दोरांवर, आणि लहान मूलही रिकामे राहत नाही. त्याने सुटलेल्या दोराची वेटोळी नीट घालून ठेवायची.

याच काळात त्यांचे घर भरले. १९८४ साली त्यांना मारी ही कन्या झाली. पत्नी जाकलीन, मुलगी आणि ते स्वतः ओदे नदीच्या काठी एका जुन्या घरात राहू लागले आणि पेन डुइक घरासमोरच्याच पाण्यात उभी राहू लागली. जो मनुष्य एकट्याने महासागर ओलांडण्यासाठी प्रसिद्ध होता, त्याची उत्तरायुष्यातील नौका अशी कुटुंबकबिल्याची आणि इष्टमित्रांची झाली.

अशा नौकेच्या घरी वर्षाचे दोन भाग पडतात. हिवाळा कामाचा, उन्हाळा समुद्राचा. हिवाळ्यात डोलकाठी उतरवतात, दोर सोडून तपासतात, शिडांच्या शिवणी उसवल्या असतील तर शिवतात. लाकडी भागांवर वार्निशचा एक हात पुरत नाही. प्रत्येक हात वाळू द्यायचा, बारीक कागदाने घासायचा आणि पुन्हा लावायचा, असे अनेक हात द्यावे लागतात. यात मुलांना कंटाळा येतो आणि येऊ द्यावा. नौका ज्यांनी घासलेली असते, तेच तिच्यावर काळजीपूर्वक पाय ठेवतात. उन्हाळा आला की शिडे चढतात. सकाळी भरती पाहून निघायचे, दुपारी एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा. ज्यांचे अंग अजून लाकडाचेच आहे अशा नौकांच्या घरी या दोन ऋतूंच्या सांध्यावर एक गंमत असते. कोरड्या पडलेल्या नौकेला पाण्यात सोडले की पहिले एकदोन दिवस ती भरभरून गळते. नवख्या मालकाचा जीव उडतो. जुना मालक मात्र शांतपणे पाणी उपसत बसतो, कारण फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपोआप मिटतात.

हीच गोष्ट उलट बाजूने दाखवणारी एक नौका मुंबईत जन्मलेली आहे. ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधली गेली आणि १९६४ साली पाण्यात उतरली. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिलेच. पुढे ती लंडनजवळ ग्रीनिच येथील संग्रहालयात मोठ्या सन्मानाने ठेवण्यात आली. वादळांनी जिचे काही बिघडवले नव्हते, तिच्या फळ्या संग्रहालयाच्या कोरड्या हवेत आकसू लागल्या. अखेर मालकाने तिला तेथून बाहेर काढले आणि स्वतः कष्ट घेऊन पुन्हा समुद्रायोग्य केले. सन्मानाने ठेवलेली नौका आणि चिखलात टाकलेली नौका, दोघींचे दुखणे शेवटी एकच होते.

१९९८ साली पेन डुइकला शंभर वर्षे झाली. मे महिन्यात बेनोदे येथे, जेथे ती युद्धकाळात कुजत पडली होती त्याच परिसरात, तिचा शताब्दी-सोहळा झाला. त्यानंतर ताबार्ली तिला घेऊन स्कॉटलंडकडे निघाले. फेअर्ली गावी फाइफ यांच्या हातच्या जुन्या नौकांचा मेळावा होता. शंभर वर्षांची लेक माहेरी निघाली होती. सोबत चार मित्र होते. १२ जूनच्या मध्यरात्रीच्या सुमारास, वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर, वारा वाढला. मुख्य शीड उतरवून त्याजागी लहान शीड चढवायचे काम सुरू झाले. लाटेने नौका हेलकावली, तो जड तिरका वासा झोल खाऊन आला आणि त्याच्या धक्क्याने ताबार्ली अंधारात समुद्रात फेकले गेले. सोबत्यांनी तरंगणारी साधने फेकली, नौका वळवली, शोधले. ते सापडले नाहीत. महिनाभराहून अधिक काळाने त्यांचा देह मिळाला. त्यांचे वय ६६ वर्षांचे होते.

त्यांच्या अंगावर नौकेला जखडणारा सुरक्षापट्टा नव्हता. तो न वापरण्याची त्यांची सवय सर्वश्रुत होती. त्यांच्या पिढीतील अनेक दर्यावर्दी पट्ट्याला अडचण मानीत आणि आपल्या पायांवर भरवसा ठेवीत. या विषयी त्यांच्या चाहत्यांनी पुष्कळ काव्यमय लिहिले आहे. समुद्राने आपल्या पुत्राला नेले, असे काहीसे. ते वाचवत नाही. घरी पत्नी होती आणि तेरा वर्षांची मुलगी होती. ज्याच्या जिवावर इतर जीव विसंबून आहेत, त्याने आपला जीव सांभाळणे हीसुद्धा वारशाच्या सांभाळाइतकीच जबाबदारी असते, आणि ती येथे पाळली गेली नाही. मनुष्य थोर होता म्हणून हे म्हणायचे टाळू नये.

आता प्रश्न जाकलीन ताबार्ली यांच्यापुढे होता. ज्या नौकेच्या वाशाने पतीचा प्राण घेतला, ती नौका घरासमोर पुन्हा उभी करायची का? या वेळी गिऱ्हाइकांची वाण पडली नसती. विकून टाकली असती, तर कोणी बोल लावला नसता. संग्रहालयाला दिली असती, तर लोकांनी वाहवाच केली असती. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी पतीच्या नावे संस्था उभारली, पेन डुइक नावाच्या नौका तिच्या छत्राखाली आणल्या आणि त्या चालत्या राहतील अशी व्यवस्था केली. अशा जुन्या नौकांचा खर्च एका घराला पेलणारा नसतो. दोर, शिडे, रंग, कारागिरांची मजुरी, सारे दरवर्षी नव्याने लागते. खाजगी मालमत्ता सार्वजनिक विश्वस्ततेत नेल्यानेच तो पेलला गेला. २००८ साली लोरियाँ शहरात ताबार्ली यांच्या नावाचे नौकानयन-केंद्र उघडले. तेथे आत चित्रे, यंत्रे आणि माहिती आहे; खऱ्या नौका मात्र बाहेर, धक्क्याला, पाण्यातच उभ्या असतात.

मुलीवर कोणी सक्ती केली नाही, ही बाब विशेष नोंदवण्याजोगी आहे. मारी ताबार्ली यांनी बरीच वर्षे घोड्यांच्या प्रशिक्षणाचे काम केले. समुद्राकडे त्या आपल्या वेळी, आपल्या इच्छेने परतल्या. २०२३ साली त्या ‘पेन डुइक सहावी’च्या कप्तान म्हणून पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरल्या. ज्या नौकेवर वडील एकटे अटलांटिक ओलांडून गेले होते, तिच्यावर या वेळी पुरा चमू होता.

शताब्दीला निघालेली ती काळी नौकाही अजून चालते. मोसमात ब्रिटनीच्या किनाऱ्यावर ती शिडे उभारून निघते. तो तिरका वासा वर चढवताना एक जण हाक देतो, बाकीचे एकदम दोर ओढतात, आणि वासा जागेवर बसेपर्यंत त्याच्या खाली कोणी उभे राहत नाही.